दुलूथची मावशी

३ मार्च १९५८, सोमवार

ही डायरी ल्युसिलने मला ख्रिसमसला दिली होती. वर म्हणाली होती, "माझ्याशी नाही तर निदान हिच्याशी बोल, लेस्टर." मी हसलो आणि डायरी कपाटात ठेवून दिली. आज काढली, कारण ल्युसिल गेली.

गेली म्हणजे घर सोडून गेली. पहाटे टॅक्सी बोलावली, दोन बॅगा घेतल्या आणि गेली. मी झोपेत. स्वयंपाकघरात टेबलावर चिठ्ठी होती. "बावीस वर्षं मी बोलले आणि तू पेपर वाचलास. आता मी एकटी राहून बघणार आहे. शोधू नकोस. फ्रिजमध्ये मीटलोफ आहे." मीटलोफ खाल्ला. चांगला झाला होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

माझं मत असं की महिनाभरात ही परत येईल. हिवाळ्याचा चांगला कोट इथेच खुंटीवर आहे. कायमचं जाणारं माणूस कोट ठेवून जातं का? तोवर एवढंच बघायचं की गल्लीत कुणाला कळता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती परत येईल तेव्हा तिला मान खाली घालायला लागू नये. मलाही लागू नये, हेही लिहायला हरकत नाही. डायरी कोण वाचतंय?

६ मार्च, गुरुवार

शेजारच्या डॉट पेटिंगिलने विचारलंच. मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होतो.

"लेस्टर, ल्युसिल दिसली नाही तीन दिवस?"

मला खोटं बोलायची सवय नाही. तोंडातून निघून गेलं, "दुलूथला गेलीय. मावशीकडे. मावशी पडली, खुब्याचं हाड मोडलं."

"मावशी? ती तर म्हणाली होती, माहेरचं कुणीच उरलं नाही."

"लांबच्या नात्यातली आहे."

"आणि मला सांगितलंसुद्धा नाही?"

"घाईत गेली. पण दर रविवारी फोन करते," मी म्हणालो. एकदा मावशी जन्माला घातल्यावर तिला फोन द्यायला काय जातंय?

डॉट बघत राहिली. बायकांना दुसऱ्यांच्या मावशांची फार काळजी. पाच वर्षं आम्ही शेजारी आहोत, पण तिच्याशी माझं इतकं लांब बोलणं आज पहिल्यांदा झालं.

१६ मार्च, रविवार

घरात आवाज कसला म्हणून नाही. फ्रिज मधूनच घुरघुरतो, तेवढाच. मी कारखान्यात दिवसभर स्टोव्हचे आराखडे काढतो. तिथेही शांतताच असते, पण ती पगारी शांतता. घरातली अंगावर येते.

दुपारभर फोनपाशी बसलो. ल्युसिल म्हणाली नव्हती फोन करीन, पण माणूस म्हणाल्याप्रमाणेच वागतं असं कुठे आहे? आमची वसाहत इतक्या झपाट्याने वाढली की टेलिफोनच्या तारा पुरल्या नाहीत. त्यामुळे आमची, पेटिंगिलांची आणि समोरच्या मिसेस क्विग्लींची, तीन घरांची मिळून एक लाइन. एक लांब घंटा म्हणजे पेटिंगिल, दोन लांब म्हणजे मिसेस क्विग्ली, दोन लांब आणि एक छोटी म्हणजे आम्ही. वाजते तिन्ही घरांत, उचलायची ज्याची त्याने. एवढी सभ्यता आम्ही पाळतो. निदान मी पाळतो.

आज चारदा वाजली. तीनदा एक लांब, एकदा दोन लांब. आमची नाही.

२४ मार्च, सोमवार

नवल! डॉट आणि मिसेस क्विग्ली दोघी मिळून आल्या, ट्यूना आणि नूडल्सचं भलंमोठं कॅसरोल घेऊन. ल्युसिल नाही म्हणून माझे हाल होत असतील म्हणे. पाच वर्षांत आपणहून या घरात कुणी माझ्यासाठी आलं नव्हतं. मी कॉफी केली. मिसेस क्विग्ली सत्तर वर्षांच्या, गल्लीत सगळ्यांना अरेतुरे करतात.

"मावशीचं बरं आहे का रे?"

"हाड आहे, वेळ लागतो."

"कोणत्या इस्पितळात?"

"मोठ्या," मी म्हणालो.

डॉट हात धुवायला आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. परत आली तर चेहरा पांढरा. "तिचा कोट इथेच आहे," म्हणाली. "दुलूथला अजून बर्फ आहे, लेस्टर." मी म्हटलं, मावशीकडे कोट असेल. बिचारी. ल्युसिलला थंडी वाजेल म्हणून तिला एवढं वाटलं. मी ल्युसिलला सांगायला हवं, तुझी मैत्रीण लाखात एक आहे.

एक बारीक गोष्ट. दोघींनी कॉफीला तोंड लावलं नाही. कडू झाली असणार.

२९ मार्च, शनिवार

डॉट कुंपणावरून सहज म्हणाली, "रविवारी तुमची घंटा वाजलेली कधी ऐकली नाही." अरे, तीन घरांची लाइन! मी एवढा आराखडे काढणारा माणूस, आणि आराखड्यात हेच विसरलो. पण वेळ मारून नेली. म्हटलं, "आता मीच करतो. मावशीला खर्च कशाला?"

आता उद्या फोन करणं आलं.

३० मार्च, रविवार

चार वाजता रिसीव्हर उचलला. डायल टोनची गुणगुण बंद व्हावी म्हणून एकच आकडा फिरवला. मग लाइन अगदी चिडीचूप झाली. खिडकी उघडी ठेवली, म्हणजे पलीकडे ऐकू जाईल.

"हॅलो ल्युसिल," मी म्हणालो. थांबलो. "हो, मी बरा आहे." थांबलो. नाटक करायचं तर नीट करावं, समोरच्याला बोलायला वेळ द्यावा. "मावशी काय म्हणते? वा."

तेवढ्यात लाइनवर खट् वाजलं. कुणीतरी उचललं होतं. श्वास ऐकू आला. मी पटकन गप्प होणार होतो, पण मग ते विचित्र दिसलं असतं. म्हणून बोलत राहिलो. आणि गंमत म्हणजे पुढचं मी ठरवलेलं नव्हतं. मी म्हणालो, "घर फार शांत आहे गं. संध्याकाळी कारखान्यातून आलो की दारातच उभा राहतो थोडा वेळ. टेबलाच्या तुझ्या बाजूला मी आता पेपर ठेवत नाही." थांबलो. "नाही, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. तू मला सांगायला हवं होतंस. सांगितलं होतंस का? बरं. असेल." आणि पुन्हा थांबलो.

कुणीतरी हळूच रिसीव्हर ठेवला. नवराबायकोचं खाजगी बोलणं ऐकू नये एवढी समज लोकांना आहे.

खरं सांगायचं तर मला ते बोलणं आवडलं. दर रविवारी करणार आहे.

६ एप्रिल, ईस्टर

हॅमचा दुकानातला सगळ्यात लहान तुकडा दोन माणसांचा निघाला. दुसऱ्याचाही मीच खाल्ला.

१२ एप्रिल, शनिवार

आज मोठं काम काढलं. ल्युसिलला ॲस्परॅगस फार आवडतं. कोवळे कोंब लोण्यात परतून खायची तिला हौस, आणि लग्न झाल्यापासून म्हणतेय, आपलं स्वतःचं अंगण असतं तर मी एक वाफा केला असता. अंगण येऊन पाच वर्षं झाली. मी म्हणायचो, लावल्यापासून तीन वर्षं एक कोंब तोडता येत नाही, एवढं कोण थांबणार? आता मी थांबेन. ती आली की दाखवेन.

साडेसहा फूट लांब, दोन फूट रुंद चर आखला. पुस्तकात खोली दीड फूट दिलीय, मी तीन फूट खणली. करायचं तर नीट. हिरवळीच्या मधोमध चर बघून रॉय पेटिंगिल कुंपणाशी आला. डॉटचा नवरा. एरवी आमचं बोलणं म्हणजे "थंडी आहे" आणि "थंडी गेली."

"काय शेजारी, काय चाललंय?"

"ल्युसिलसाठी," मी म्हणालो.

रॉयचा पाइप विझला. "ल्युसिलसाठी?"

"तिला गुपचूप चकित करायचंय. तुम्ही कुणाला बोलू नका."

"आणि ही पोती?"

"चुना. माती आंबट आहे."

तो घरात गेला आणि लोखंडी सळई घेऊन आला. म्हणाला, पाणी मुरतं का ते बघू. आणि अंगणभर जागोजागी सळई खुपसत फिरला, तासभर! मी म्हटलं, अहो रॉय, वाफा इथे आहे, तिकडे गॅरेजमागे कशाला? तर म्हणे, पाणी कुठूनही येतं. मदतीला आला की कुठे थांबायचं हे त्याला कळत नाही, पण मनाचा चांगला आहे.

नंतर मिसेस क्विग्ली आपला बुटका कुत्रा घेऊन आल्या. त्या कुत्र्याला त्या कुणाच्या अंगणात पाऊल टाकू देत नाहीत. आज म्हणाल्या, "जरा हुंगू दे रे त्याला." हुंगला. चुन्यामुळे शिंकत बसला.

२० एप्रिल, रविवार

पेटिंगिलांनी आज मला टीव्ही बघायला बोलावलं! दर रविवारी संध्याकाळी एक रहस्याचं नाटक लागतं, दर खेपेला नवी गोष्ट. मी नवा शर्ट घातला. मला मधल्या खुर्चीत बसवलं, डॉट आणि रॉय कोचावर, मिसेस क्विग्ली दाराजवळ.

नाटक असं होतं. आपल्यासारखीच वसाहत. एक गृहस्थ बायकोला मारतो, गुलाबाच्या वाफ्यात पुरतो आणि सगळ्यांना सांगतो की ती गावाला गेली. शेजारीण ओळखते. नाटक बरं होतं, पण मला चुका सहन होत नाहीत.

"केवढा उथळ खड्डा!" मी म्हणालो. "मी परवाच खणलाय म्हणून सांगतो. दीड फुटात काही लपत नाही. कुत्रंसुद्धा उकरून काढेल. तीन फूट तरी हवा."

पडद्यावर तो गृहस्थ माती सारखी करत होता.

"आणि वर चुना घालायचा ना, गाढव कुठला," मी म्हणालो.

रॉयचा आइस्क्रीमचा चमचा तसाच हातात. मी वळून पाहिलं तर तिघंही टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी फार बोललो का? ल्युसिल म्हणायची, तू बोलत नाहीस, बोलत नाहीस. आज बोललो तर लोक टक लावून ऐकतात. डॉट निरोप देताना थरथरत होती. तिला असली नाटकं सोसत नाहीत वाटतं.

२३ एप्रिल, बुधवार

ल्युसिलचं पत्र आलं. मिलवॉकीत आहे. एका मोठ्या दुकानात हातमोजे विकते, खोली घेतलीय. "मी ठीक आहे. तुला काळजी वाटू नये म्हणून पत्ता देते, पण येऊ नकोस. माझं मन बदललेलं नाही."

पाच वेळा वाचलं. "बदललेलं नाही" म्हणजे आजपर्यंत नाही. पत्ता दिला हे महत्त्वाचं.

३ मे, शनिवार

असा महिना माझ्या आयुष्यात गेला नसेल. रोज कुणी ना कुणी येतं. डॉट केक घेऊन, मिसेस क्विग्ली मावशीची चौकशी घेऊन, रॉय तर कारखान्यातून यायची वेळ गाठून उभा. वाफ्याकडे सगळ्यांचं फार लक्ष. काय उगवलं का, कधी उगवणार, खाली नक्की काय घातलंय? मी सगळं सांगतो. मी इतका बोलका माणूस आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर घसा दुखतो.

माझी कॉफी अजून कुणी पीत नाही. नवीन डबा आणला, तरी नाही.

ल्युसिल परत आली की मी तिला हे सगळं दाखवीन. बघ, माझ्याकडे माणसं येतात. मी पेपर बाजूला ठेवतो आणि बोलतो. एवढं पाहिल्यावर ती राहील, असं मला मनापासून वाटतं. न राहण्याला कारणच काय उरलं?

८ मे, गुरुवार

अक्षर वाकडं आलंय, माफ करावं. कुणी? कोण जाणे.

चार वाजता पोलीस सार्जंट बोवेन आला. त्याच्याबरोबर फावडी घेतलेले दोघे. टोपी काढून म्हणाला, "मिस्टर हॅगबर्ग, तुमच्या पत्नी कुठे आहेत?"

"दुलूथला. मावशीकडे."

"मावशीचं नाव?"

माझ्या मावशीला नाव नव्हतं. दोन महिने तिचं हाड जुळवतोय, पण बारसं करायचं राहूनच गेलं. मी म्हणालो, आठवत नाही. त्याने मान हलवली आणि त्या दोघांनी माझा वाफा खणायला घेतला. मुळ्या उपटून हिरवळीवर फेकल्या. मी ओरडलो, अहो हळू, तीन वर्षं लागतात! पेटिंगिलांचा पडदा हलत होता. मिसेस क्विग्ली सरळ रस्त्यावर खुर्ची टाकून बसलेल्या.

सार्जंट माझ्याकडे बघत होता. "तुम्हाला खरंच कळत नाहीये, हे काय चाललंय?"

आणि तेव्हा कळलं. रॉयची सळई. कुत्रा. कॉफी. मी पायरीवर बसलो. इतके दिवस ही माणसं माझ्याकडे येत होती ती माझ्यासाठी नव्हेच. मला ते खुनी समजतात याचं वाईट वाटायला हवं होतं. पण आधी वाईट वाटलं ते ती माझ्यासाठी येत नव्हती याचं.

सार्जंटला स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं, आणि पत्र दाखवलं. "ती मला सोडून गेलीय," मी म्हणालो. इतकं हळू बोललो की त्याला पुन्हा विचारावं लागलं. "बाहेर कुणाला कळू देऊ नका," मी म्हणालो. तो भला माणूस. म्हणाला, नाही कळणार. आणि खात्री करायला माझ्याच फोनवरून मिलवॉकीला त्या दुकानात फोन लावला.

मी हात करेपर्यंत उशीर झाला. लाइनवर खट् वाजलं. मग आणखी एकदा खट्. दोन घरं होती, दोन्ही हजर. सार्जंटने ल्युसिलला सगळं विचारलं, ल्युसिलने सगळं सांगितलं. कधी गेली, का गेली. परत येणार का? नाही. मी शेजारी उभा होतो. सव्वा लाखाची मूठ उघडली.

"आवाज कुणाचाही असू शकतो, मॅडम," सार्जंट शेवटी म्हणाला. ती म्हणाली, "मी शनिवारी स्वतः येते."

येते म्हणाली. एवढेच शब्द मी धरून ठेवलेत.

१० मे, शनिवार

सकाळपासून फरशी पुसली. न्हावी, नवा टाय. अकराच्या बसने आली. टॅक्सीतून उतरली तर ओळखू येईना, केस कानापर्यंत कापलेले. हातात एक लहानशी पर्स. बॅग नाही. मी आधी बॅगेकडेच बघितलं होतं.

मी पायऱ्या उतरायच्या आत डॉट धावत गेली. गळ्यात पडून हुंदके देऊन रडली. मिसेस क्विग्ली तिचा चेहरा चाचपत होत्या. "खरंच तूच आहेस ना गं बाई?" रॉय सार्जंटशी हात मिळवत होता. मी माझ्याच अंगणात उभा, माझ्या बायकोला भेटायची वाट बघत. पंधरा मिनिटांनी माझी पाळी आली.

स्वयंपाकघरात बसलो. मी पेपर दिसणार नाही असा ठेवला होता.

"तू त्यांना सरळ सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली.

"वाटलं, तू परत येशील. मग सांगायचं कशाला?"

"अरे, खुनी ठरलेलं चाललं, पण बायको गेली हे सांगणं चाललं नाही?"

"मला कळलंच नाही ते मला काय समजतात. मला वाटलं..." मी थांबलो. "मला वाटलं, भेटायला येतात."

तिने हात माझ्या हातावर ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेस्टर, लेस्टर," म्हणाली. मी म्हणालो, "मी आता बोलतो, ल्युसिल. रोज बोलतो. दर रविवारी तुला फोनसुद्धा करतो, फक्त तो लागलेला नसतो." ती तोंड फिरवून खिडकीबाहेर उकरलेल्या वाफ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "आता फार उशीर झालाय रे. तुझ्यावर राग नाही. पण उशीर झाला."

दोनच्या बसने गेली. जाताना खुंटीवरचा कोट काढून हातावर घेतला. मे महिन्यात.

३० मे, शुक्रवार

सुट्टी. गल्लीत सगळ्यांनी मिळून कोळशावर मांस भाजलं. धूर माझ्या खिडकीत येत होता, बोलावणं आलं नाही. मला वाटतं त्यांना माझी लाज वाटते, म्हणजे स्वतःची. कुंपणाशी गेलो की रॉयला आत काहीतरी आठवतं. मिसेस क्विग्लींनी कुत्र्याला लांबच्या रस्त्याने फिरवायला सुरुवात केलीय. तीन आठवड्यांत या घरात एक माणूस आलेलं नाही.

खुनी होतो तेव्हा केक येत होता. हे लिहिताना हसू आलं, पण ते हसू नव्हे.

वाफा बुजवला. फोन उचलून एक आकडा फिरवला, पण काही बोलवेना. ठेवून दिला.

१५ जून, रविवार

दुपारी उठलो आणि पेटिंगिलांच्या मागच्या दाराशी गेलो. कशाला, हे मलाही ठाऊक नव्हतं. आत एकटी डॉट, भांडी पुसत होती. रॉय मासे पकडायला गेलेला. मला बघून ती जाळीच्या दाराशी आली. दार उघडलं नाही.

"डॉट, ल्युसिल मला सोडून गेली," मी म्हणालो.

"माहीत आहे. मी... ऐकलं होतं."

"तरी मला माझ्या तोंडाने सांगायचं होतं. कायमची गेली. मी तिच्याशी बोलत नसे म्हणून."

ती फडकं पिळत राहिली. "आधीच सांगायचंत ना, लेस्टर."

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात?"

तिने विचार केला. खोटं बोलली नाही, हे तिच्या बाजूने लिहून ठेवतो. "एकदा आले असते. केक घेऊन."

मी वळलो. तर ती म्हणाली, "ती रोज दहा वाजता इथे उभी राहायची. तुम्ही उभे आहात तिथेच. आत ये म्हटलं तर यायची नाही, काम पडलंय म्हणायची, आणि तासभर बोलत राहायची."

मला हे माहीत नव्हतं. बावीस वर्षांतली पाच वर्षं, रोज एक तास.

"काय बोलायची?"

"सगळं. मला वाटायचं, सगळं." डॉट रडायला लागली होती. "मग एक दिवस आलीच नाही. मला न सांगता ती जाईल, असं मनात येईचना माझ्या. त्यापेक्षा तुम्ही तिला मारलंत हे मानायला सोपं गेलं, लेस्टर. देवा, किती सोपं गेलं! त्या शनिवारी आली तेव्हा विचारलं, मला का नाही सांगितलंस गं? म्हणाली, सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस. पत्र लिहीन म्हणाली."

"आलं?"

"नाही."

"मलाही पुन्हा नाही," मी म्हणालो.

जावं की थांबावं मला कळेना. तिने डोळे पुसले, त्याच फडक्याने, आणि काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आज काय जेवलात?"

"सूप."

"कसलं?"

मी नेहमीसारखं "बटाट्याचं" म्हणून थांबणार होतो. थांबलो नाही. बटाटे कुठून आणले इथपासून सांगायला लागलो, आणि ती ऐकत राहिली.